बॅटरीपासून वीतभर

प्रिय भोंग्या,

हे पत्र तुझ्या हातात पंक्चरवाल्याने दिलं असेल आणि तो आत्ता तुझ्या खोलीत कुठेतरी अवघडून बसला असेल. त्याला पाणी दे आणि काही विचारू नकोस, त्याला यातलं अवाक्षरही माहीत नाही. तुझं वाचून होईपर्यंत थांब, एवढंच मी त्याला सांगितलंय. आई अजून आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं करायचास तसं तू शेवटचं पान आधी वाचशील. या वेळी तसं करू नकोस. मी लिहिलंय त्याच क्रमाने वाच. शेवटचं सांगायला मला आधीचं सगळं सांगावं लागणार आहे, आणि तेवढा धीर मी मोठ्या मुश्किलीने गोळा केलाय.

तुझा पत्ता त्यानेच दिला. तू दर महिन्याला त्याला फोन करून आईची चौकशी करतोस, हे मला परवा कळलं. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असं आपण म्हणायचो, तो माणूस तीन वर्षं माझ्या शेजारी बसून ट्यूबा पाण्यात बुडवत राहिला आणि एका शब्दाने बोलला नाही. मला त्याचा रागच आला आधी. मग वाटलं, मी कोणत्या तोंडाने रागावू. तो म्हणाला, तू शीतगृहात कामाला आहेस, दिवसभर जाड कोट घालून खोकी इकडून तिकडे करतोस. आणि तुझ्या खोलीत रेडिओसुद्धा नाही. हे त्याने मी न विचारता सांगितलं आणि ट्यूबकडे बघत बसला. तू आणि रेडिओ नाही. तू जन्मलास तेव्हा तुझं रडणं दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर बाबांना ऐकू गेलं होतं, ते वर येईपर्यंत त्यांनी तुझं नाव ठरवूनही टाकलं होतं. शाळेच्या दाखल्यावरचं नाव नंतर आलं, ते कुणी वापरलंच नाही.

बाबांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालू आहे. शटर अजून डावीकडून अडकतं आणि लाथ घातल्याशिवाय वर जात नाही. बाबांची खुर्ची होती तिथेच आहे, तिच्यावर मी जुन्या डायनॅमोंचं खोकं ठेवलंय, म्हणजे गिऱ्हाईक बसत नाही. हल्लीची गिऱ्हाइकं मोबाईलवर काहीतरी बघून येतात आणि बॉनेट उघडायच्या आधीच मला शिकवायला लागतात. मी ऐकून घेते. तुला खोटं वाटेल, पण खरंच घेते, अगदी उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचंही घेते. पूर्वी घेत नव्हते, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार.

बाबांच्या आजारपणानंतरचं ते वर्ष मी रोज एकदा तरी आठवते. डावी बाजू गेली, बोलणं तीन-चार शब्दांवर आलं, आणि कान तर आधीच इंजिनांनी खाल्ले होते. माणूस घरातच होता आणि घरात नव्हता. आई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची, ते नुसते तिच्या ओठांकडे बघायचे. मी मीटर घेऊन जायचे, आज अमुक गाडीत काय सापडलं ते दाखवायचे, तर त्यांचे डोळे मिटायचे. आणि एका रविवारी तू त्यांना चक्कर मारायला गाडीतून नेलंस, सवयीने गाणं मोठ्याने लावलंस, आणि परत येऊन जिने चढत ओरडत सांगितलंस की बाबांनी ताल धरला. उजव्या हाताने, मांडीवर, बरोबर ठेक्यावर. आई म्हणाली, कान गेलेल्याला गाणं कसलं. तू म्हणालास, कानाने नाही, सीटमधून पाठीत जातंय त्यांच्या. आम्ही दोघींनी तुला वेड्यात काढलं. मग पुढच्या रविवारी मी मागच्या सीटवर बसून आले आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुला तेव्हा सांगितलं नाही ते आता सांगते: मला रडू आलं, आणि त्यातलं निम्मं रडू मत्सराचं होतं. मी दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या हाताखाली काम केलं, हाताला चटके घेतले, आणि त्यांना हसवलं तू, एक बटण फिरवून.

मग तुला सुचलं की ही गाडी त्यांच्यासाठी नीट बांधायची. तो डब्याएवढा अ‍ॅम्प्लिफायर तू कुठून पैदा केलास ते तुझं तुला ठाऊक. डिकीत दोन मोठे स्पीकर बसले आणि पहिल्याच दिवशी गाडीचा जीव अर्धा झाला. प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद व्हायचे, गाडीला उचकी लागल्यासारखे. समोरच्या भिंतीवर तो उजेड कमी-जास्त होताना बाबांनी पाहिलं आणि खुर्चीतूनच बोट गोल फिरवलं. डायनॅमो कमी पडतोय. कितीतरी दिवसांनी त्यांनी कशाततरी दोष काढला होता. तो महिना आपल्या घरातला शेवटचा चांगला महिना, असं मी धरून चालते. मोडीत निघालेल्या रुग्णवाहिकेतला मोठा डायनॅमो तू आणलास. मी जुन्या बारीक तारा काढून अंगठ्याएवढ्या जाड घातल्या, डायनॅमोपासून बॅटरीला, बॅटरीपासून बॉडीला, इंजिनापासून बॉडीला. अर्थिंगची तार जिथे बसवायची तिथला रंग खरवडायचा होता, तर बाबांनी माझ्या हातातला घासायचा कागद ओढून घेतला आणि एका हाताने, लाळ गळत होती तरी, पत्रा चकाकेपर्यंत घासला. आई दारात उभी राहून म्हणाली की या घरात मी सोडून सगळ्यांना करंट लागलाय. ते शेवटचं, जेव्हा आपण सगळे एकदम हसलो.

आणि फ्यूज. तो आपल्या घरातला पहिला धडा. बॅटरीपासून वीतभर. तार पुढे कुठेही जाऊ दे, कुठेही घासू दे, चिरडू दे, वीतभर अंतरातच फ्यूज पाहिजे, म्हणजे तो उडेल आणि पुढची सगळी तार मरेल, आग लागणार नाही. आणि वीत कुणाची, तर माझी. दहा वर्षांच्या पोरीची. बाबा म्हणायचे, माझी वीत मोठी, ती धरली तर माणूस ढिला पडतो, पोरीची वीत धरा. मी मोठी झाले तरी ते गिऱ्हाइकांना माझा हात पुढे करायला लावून हेच सांगायचे, आणि मला लाज वाटायची आणि अभिमानही. त्या गाडीत पुढच्या बॅटरीचा फ्यूज मी मुठीएवढ्या अंतरावर बसवला, वीतसुद्धा होऊ दिली नाही. बाबांनी ते बघून मान हलवली होती.

आता त्या गुरुवारबद्दल. आई बाबांना तपासायला दवाखान्यात घेऊन गेली होती. दुकानात तू आणि मी. पूर्ण आवाजाला दिवे अजून थोडे मिचमिचत होते, म्हणून तू दुसरी बॅटरी आणली होतीस, डिकीत अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी बसवायला. माझं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. कारण सांगायलाही लाज वाटते. सकाळी मी बाबांचे पाय चेपत बसले होते, अर्धा तास, आणि त्यांनी तीन-चार शब्दांतला एक शब्द खर्च करून तुझं नाव घेतलं. भोंगा कुठे. एवढंच. मी तुझ्यावर दिवसभर दात-ओठ खात होते, आणि तू बिचारा शीळ घालत नट शोधत होतास. ती बॅटरी मी तासाभरात बसवली. पुढून आलेली जाड तार मागच्या बॅटरीला जोडली. ती तार चालकाशेजारच्या सीटखालून गेली होती, कारण दोन्ही कडांनी स्पीकरच्या तारा होत्या, आणि करंटची तार त्यांच्या जवळ नेली की गाण्यात घरघर येते. बाबांच्या गाण्यात घरघर नको होती. सीटच्या रुळाजवळ मी ती टेपने दाबून गालिच्याखाली सारली. आणि तेव्हा तू मागून वाकून विचारलंस. तुझे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत.

"ताई, मागच्या बॅटरीपासूनही वीतभर नको का?"

मी मान वर न करता म्हणाले, तू गाणी वाजव, तारा मला कळतात. तू हसलास, म्हणालास बरं बाई, आणि डिकी लावून घेतलीस. भोंग्या, तू बरोबर होतास. नियम बाबांनी कधी "पुढच्या बॅटरीपासून" असा सांगितलाच नव्हता, बॅटरीपासून असा सांगितला होता, आणि गाडीत आता दोन बॅटऱ्या होत्या. ती तार दोन्ही टोकांनी जिवंत होती. शेंबड्या पोरालाही कळावं असं ते होतं. मी नियम एवढ्या वेळा लोकांना ऐकवला होता की तो मला ऐकू येईनासा झाला होता. माझ्या मनात फ्यूज म्हणजे बॉनेटखालची वस्तू, आणि ती तर मी मुठीएवढ्या अंतरावर बसवली होती. दुसरा फ्यूज माझ्या खणात पडलेला होता. नवा, पिशवीतला. उठून चार पावलं चालायची होती.

पुढचे आठ-नऊ महिने प्रत्येक रविवारी बाबांना त्या सीटवर बसवायचं म्हणजे सीट पार मागे सारायची, त्यांचा डावा पाय हाताने उचलून आत घ्यायचा, मग सीट पुढे. उतरवताना पुन्हा तेच. ही पद्धत मीच तुला शिकवली होती, त्यांचा पाय दुखू नये म्हणून. रूळ त्या तारेवरून मागे गेला, पुढे आला. टेप सुटला असेल, तार थोडी सरकली असेल, वरचं रबर घासून ती रुळाला उघडी पडली असेल. मी बघायला हवं होतं. तार एकदा बसवली की वर्षातून दोनदा चाचपायची, हेही मी लोकांना सांगते.

त्या रविवारचं तुला मी काय सांगू. तू गाडीत एक सिगारेट ओढलीस, विझवलीस, बाबांना पाणी हवं होतं म्हणून दुकानासमोर थांबलास आणि इंजिन नि गाणं चालू ठेवून उतरलास, कारण गाणं बंद झालं की ते कासावीस व्हायचे. तीन मिनिटं, फार तर चार. परत फिरलास तेव्हा गाडीच्या काचा आतून धुराने पांढऱ्या झाल्या होत्या. सीटच्या पट्ट्याचं बटण तापलं होतं आणि तू ते हाताने दाबत राहिलास, कातडं चिकटलं तरी दाबत राहिलास. बाबांना तू बाहेर काढलंस, हे लोक विसरले. ते छातीतल्या धुराशी दोन दिवस झुंजले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गेले, आणि तोवर घरात, गल्लीत, दवाखान्याच्या बाकांवर एकच शब्द फिरत होता: सिगारेट.

आगीच्या तपासणीचे साहेब आले तो दिवस. आवारात ती जळकी गाडी उभी होती, तू उजव्या हाताला बँडेज बांधून भिंतीला टेकला होतास, मी साहेबांच्या शेजारी. ते सज्जन होते. त्यांनी तुला सगळं विचारलं आणि तू सगळं सांगितलंस, सिगारेटचंसुद्धा, कुणी खोदून न विचारता. आणि मध्येच तू म्हणालास की मी धावत आलो तेव्हा गाणं चालूच होतं, अडखळत होतं, मध्येच मोठं होत होतं, पण चालू होतं. साहेबांनी ते लिहूनही घेतलं नाही. मी ऐकलं. त्यांनी बॉनेट उघडलं, पुढचा फ्यूज बघितला, तो उडालेला होता. फ्यूज उडालाय आणि डिकीतलं गाणं वाजतंय. म्हणजे मागची बॅटरी चालू होती, आणि तिच्यातला करंट त्याच तारेतून सीटखाली येत होता, अडवायला कुणी नव्हतं. मला तिथेच, उभ्या उभ्या, सगळं कळलं. साहेब म्हणाले की फ्यूज उडालाय म्हणजे वायरिंगने आपलं काम चोख केलंय, तार मेलेली होती, आग तारेची नाही. मग ते माझ्याकडे वळले, कारण गल्लीत सगळ्यांनी त्यांना सांगितलं होतं की गाड्यांच्या तारांतलं या बाईइतकं कोणाला कळत नाही.

"बरोबर ना, बाई?"

मी म्हणाले, बरोबर.

तू माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. मग खाली बघून म्हणालास, सिगारेट माझीच होती. त्या पाहण्याने मला तीन वर्षं झोपू दिलेलं नाही. तुला तो गुरुवार आठवला होता का? तू विचारलेलं तुला आठवत असूनही तू ताईची अब्रू झाकलीस, की खरंच विसरला होतास आणि मीच एकटी चोराच्या मनात चांदणं घेऊन बसले? मला माहीत नाही. आठवत असेल तर तुझे पाय धरायचीही माझी लायकी नाही. आठवत नसेल, तर आता आठव. तू विचारलं होतंस.

नंतर मी काय केलं तेही सांगते, म्हणजे मला कळलं नव्हतं अशी पळवाट माझ्यासाठी उरणार नाही. मी दोन बॅटऱ्या बसवलेल्या बाकीच्या तिन्ही गाड्या महिन्याभरात परत बोलावल्या आणि मागे दुसरा फ्यूज घालून दिला. गाडीवाले म्हणाले, वडील गेल्याचं दुःख बाजूला ठेवून बाई कामात किती चोख आहे बघा. मी मूग गिळून ऐकलं. दुकानाचं नाव, बाबांचं नाव, आईला दोन पोरांपैकी एक तरी धड उरू दे, असे किती बहाणे मी स्वतःला दिले. आणि दिवस असे जातात भोंग्या, की आज सांगू उद्या सांगू करताना न सांगणं हीच सवय होते. तीन महिन्यांनी आई तुला म्हणाली की तू समोर आलास की मला धुराचा वास येतो. मी तिथेच होते, कपड्यांच्या घड्या घालत. तू दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरलीस, एका हाताने, चेन लागेना. मी ती लावून दिली. लावून दिली, रे. तोंड उघडलं नाही.

त्यानंतर या घरात गाणं वाजलं नाही. तू सुरुवातीला फोन करायचास तेव्हा आई तो टेबलावर उपडा ठेवायची आणि थरथरायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायची. मग तू थांबलास, नंबरही बदललास. ती तुझ्याविषयी बोलत नसे, तुझं नाव निघालं की उठून जात असे. एवढंच आहे सांगण्यासारखं.

आता आईचं. पोटाचं दुखणं वर्षभर होतं, तिने अंगावर काढलं. डॉक्टर आता महिने सांगत नाहीत, आठवडेही सांगत नाहीत, नुसतं म्हणतात की तिला हवं ते द्या. ती मागच्या खोलीत असते, खिडकीजवळ. अंगाचं चिपाड झालंय, पण डोकं लख्ख आहे. मी दुकान दुपारीच बंद करते. तिला कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं सगळं माझ्याच हाताने, दुसऱ्या कुणाच्या हातून ती घेत नव्हती. शेजारची बाई आली तर तोंड मिटून घ्यायची आणि माझी वाट बघायची.

सोमवारी तिने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "त्याला कळव. मी त्याला माफ केलंय. जाताना हे ओझं नको मला." इतक्या दिवसांनी तिने तुझा विषय काढला होता, आणि तिचा चेहरा असा हलका झाला होता की मी हो म्हणाले. म्हटलं, कळवते. आणि मग दोन दिवस तो निरोप घेऊन मी या घरात फिरले. तुला काय कळवणार होते मी? न केलेल्या गुन्ह्याची माफी? ती माफी तुझी नव्हती. ती माझी होती, आणि जिने ती दिली तिला हे माहीत नव्हतं. तुझ्याकडे ती पोचवली असती तर मी तुझ्यावर दुसऱ्यांदा तेच केलं असतं, आणि या वेळी तिच्याच हाताने.

म्हणून काल दुपारी, दूध भरवता भरवता, मी तिला सांगितलं. औषधाच्या कागदावर पेन्सिलने काढून दाखवलं. पुढे एक चौकोन, मागे एक चौकोन, मध्ये रेघ. पुढच्या चौकोनाजवळ फ्यूजचं फुलीचं चिन्ह. ती चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियनची बायको होती. मी पुढे काही बोलायच्या आत तिने तिचं काडीसारखं बोट उचललं, मागच्या चौकोनावर ठेवलं आणि विचारलं, "आणि इथे?" मी म्हणाले, इथे काही नव्हतं. मग तुझा प्रश्न सांगितला, माझं उत्तर सांगितलं, साहेबांपुढे म्हटलेलं ते 'बरोबर'ही सांगितलं. तिने बोट बराच वेळ तिथून हलवलं नाही. मी पुन्हा चमचा तिच्या ओठांशी नेला तर तिने तोंड मिटून घेतलं. शेजारच्या बाईपुढे मिटायची तसंच. कालपासून तिने माझ्या हातून दूध घेतलेलं नाही, पाणी घेतलेलं नाही. मी तिला वळवायला गेले तर अंग ताठ करते, तेवढा जोर तिच्यात कुठून येतो देव जाणे. शेजारची बाई देते तर दोन घोट घेते आणि दाराकडे बघते. मी तिला दोष देत नाही.

संध्याकाळी ती एकदाच बोलली. भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, "त्याच्या हाताचं काय झालं?" आणि भोंग्या, मला ते सांगता आलं नाही. मुठीत काही धरता येतं का, बोटं पूर्ण उघडतात का, वीत भरते का, मला काहीच माहीत नव्हतं. तीन वर्षांत मीही विचारलं नव्हतं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, त्याला आण. म्हणून हे पत्र. पंक्चरवाल्याची गाडी खाली उभी आहे, त्याच गाडीतून निघ. मी दुकानात झोपेन, तुझ्या समोरही येणार नाही, आणि तपासणीच्या साहेबांना काय लिहायचं ते मी लिहून ठेवलंय, तू वाचलंस की मग मी पाठवीन. तुला चमचा धरता येत असेल तर ये आणि नसेल तरी ये. तिला भरवायला कुणीतरी हवंय, आणि ती आता माझ्या हातून घेणार नाही.

तुझीच,
ताई